सहा मिनिटांचा उजवा विंगर

...आणि वर पुन्हा मलाच इचारत्यात, "अजिनाथ, पहिल्या वर्षी किती खेळलास रे?" आता काय सांगू? टीममदी हुतो का, तर हुतो. जर्सी हुती का, तर हुती की, अठरा नंबरची, पाठीवर नाव सुदिक छापल्यालं. टीमच्या फोटोत हाय का? हाय, मागच्या रांगेत, डावीकडनं दुसरा, निम्मं तोंड कॅप्टनच्या खांद्यामागं गेलंय पण कान माझाच हाय, आमच्या आईनं बरोबर ओळखला. पण खेळलास किती?... तितं येऊन गाडी थांबती बघा! तुमाला सांगतो, आख्ख्या वर्षात पाच मॅच झाल्या आणि मी खेळलो सहा मिनिटं. सहा! एवढ्यात चहाला उकळी फुटत न्हाय हो!

हसा, हसा. मी बी हसलो असतो. पण ती सहा मिनिटं मला कशी मिळाली ते मला ठाऊक हाय ना. ती मिळाली नसती तर मी आज सुखानं झोपलो असतो.

थांबा, पहिल्यापासनं सांगतो. मी केमचा. केम म्हंजे कुर्डुवाडीच्या पुढं, करमाळा तालुक्यात, स्टेशन हाय आमाला. वडलांचं नाव श्रीमंत, आणि श्रीमंती काय ती नावातच, बाकी सगळी मेंढरं. फुटबॉल मी कुर्डुवाडीला हायस्कुलात असताना रेल्वेच्या मैदानावर शिकलो. शिकलो म्हंजे बॉलला कसं मारायचं तेवढंच, पळायला मला कुणी शिकवायची गरजच न्हवती. मेंढरू उधळलं की त्याच्या मागं पळून उपयोग न्हाय, उजव्या अंगानं लांबचा वळसा घालून त्याच्या पुढं जावं लागतं. तसाच मी बॉलला वळसा घालायचो. झालो की उजवा विंगर!

बारावी झालो, सोलापूरला कॉलेजला आलो, हॉस्टेलवर ऱ्हायलो. कॉलेजचं नाव न्हाय घेत, उगं कशाला. तर पहिल्याच महिन्यात टीमची निवड निघाली. साठ पोरं आलती. वीस घेतली. त्यात पहिल्या वर्षाची पाच, आणि त्या पाचात मी! आमचे गंगाधर सर, क्रीडा संचालक, भरलेलं अंग, गळ्यात शिट्टी, आवाज असा की पलीकडं क्रिकेट खेळणारी पोरं बी दचकून थांबायची... त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणले, "अजिनाथ, वेग आहे रे तुझ्यात. यंदा फक्त बघ, शीक. घाई नको. पुढच्या वर्षी तुझंच आहे!"

पुढच्या वर्षी तुझंच आहे! अंगावर काटा आला की हो माझ्या. पळत जाऊन घरी फोन लावला.

"आये, टीममदी घेतलं मला!"

आमची आई, केराबाई, ती काय फुटबॉल बघितल्याली बाई न्हाय, पण सवाल असा टाकती की वकिलानं गप बसावं. म्हणली, "मग खेळतूस का?"

"पुढच्या वर्षी."

"मग यंदा काय करतूस?"

"यंदा... बसायचं."

"बसायला सोलापूरला गेलास व्हय? हितं झाडं न्हवती का?"

तर असा मी बाकड्यावर आलो. आणि बाकडं म्हंजे तुमाला वाटतं बाकडं. न्हाय. तितं बी नियम हायत, तितं बी सिनियर हायत! भारतदादा म्हणून एक हुता, तो बाकड्यावरचा सगळ्यात जुना माणूस. बी.ए.ची तिन्ही वर्षं बसला, तरी आशा सुटंना म्हणून एम.ए.ला नाव घातलं आणि पुन्हा येऊन बसला. त्यानं आमाला पहिल्याच दिवशी शिकवलं, "हे बघा, ह्या टोकाला बसू नका, हितला खिळा वर आलाय. दुपारी तीनला ऊन हितनं येतं, तवा तिकडं सरकायचं. आणि सर उठून उभे ऱ्हायले की लगेच बुटाची नाडी बांधायला वाकायचं, म्हंजे तयार दिसतो माणूस." मी इचारलं, "दादा, उपयोग होतो का?" म्हणला, "नाडी चांगली बसती."

आणि माझ्या शेजारी कोण, तर सोमेश. सतरा नंबर.

सोमेश सोलापूरचाच. विडी घरकुलात, म्हंजे विडी कामगारांच्या वसाहतीत घर, घरात तेलुगू, गल्लीत सोलापुरी, बाप अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर. दिसायला बुटका, बारीक, बोलायला कमी. पण पायात बॉल आला ना... काय सांगू तुमाला! बॉल त्याच्या बुटाला बांधल्यागत ऱ्हायचा. ल्हानपणी म्हणं कारखान्यातल्या टाकाऊ सुताचा गोळा करायचा, त्याला चिंध्या गुंडाळायच्या आणि बोळात खेळायचं. बोळ एवढा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागं जायाचं. तितं शिकलेलं पोरगं हो ते! मोकळ्या मैदानावर त्याला कोण अडवणार? आमी प्रॅक्टिसला खेळायचो तवा कॅप्टन दिग्विजय, सहा फूट माणूस, सोमेशनं त्याला एका दिवसात तीनदा खाली बसवला. हात न लावता! दिग्विजय उठला, शॉर्ट झाडली आणि म्हणला, "सर, हे पोरगं कुणीकडनं आणलं?" आणि सर काय म्हणले? "चांगलं आहे, चांगलं आहे. सोमेश, पुढच्या वर्षी तुझंच आहे!"

मला वाटलं, अरे, हे वाक्य तर माझं हुतं!

मग एक दिवस मेसमदी आमी पाच जण जेवताना बोललो, आणि तुमाला सांगतो, पाचीच्या पाची जणांना सरांनी खांद्यावर हात ठेवून तेच सांगितल्यालं! पाच जण, जागा एक, आणि पुढच्या वर्षी पाचीची! भारतदादा पलीकडं आमटी ओरपत हुता, म्हणला, "पाच न्हाय, सहा. मला बी सांगितलंय."

त्यातले तीन जण पुढं हळूहळू यायचे बंद झाले. एकजण एनसीसीत गेला, तितं निदान सगळ्यांना एकदम चालवत्यात. ऱ्हायलो मी आणि सोमेश. आणि जोडी जमली की हो आमची! एकच बाकडं, एकच पाण्याची बाटली. मॅच चालू असली की सोमेश माझ्या कानात बोलायचा, "आता बघ, तो डावीकडं देनार... दिला की न्हाय? आता मधी जागा पडल..." आणि पडायचीच! मी तिथं बसून जेवढा फुटबॉल शिकलो तेवढा रेल्वेच्या मैदानावर तीन वर्षांत न्हाय शिकलो. एकदा म्हणलं, "सोमेश, तू सरांना सांग की हे." तर म्हणला, "काय सांगू बे? बसणाऱ्यानं उभ्या माणसाला शिकवायचं असतंय व्हय?"

अशा चार मॅच झाल्या. चारी जिंकल्या. आमी दोघं कोरडे. जर्सी मळंना म्हणून धुवायची बी लाज वाटायची, हॉस्टेलची पोरं म्हणायची, "अज्या, इस्त्री करून ठेव, लग्नात घालता येईल." आणि प्रत्येक मॅचनंतर सर यायचे, दोघांच्या पाठीवर थाप, "नाराज नाही ना? पुढच्या वर्षी तुझंच आहे!" आता दोघांच्या पाठीवर एकदमच थाप मारून 'तुझंच' म्हणायचं म्हंजे कुणाचं हो? व्याकरण तरी बघा!

आणि मग आली फायनल.

फायनलला समोर बार्शीकडचं एक कॉलेज. मैदानात मंडप, खुर्च्या, विद्यापीठाची दोन माणसं टोप्या घालून, वही घेऊन बसल्याली. त्यांच्या वहीत ज्याचं नाव जाईल तो विद्यापीठाच्या निवडीला जाणार. सगळ्यांच्या माना तिकडंच. आणि सोमेशची मान कुणीकडं? पायऱ्यांकडं. मी इचारलं, "काय बघतोयस?"

म्हणला, "बाप आलाय."

मी बघितलं. पायरीवर, सगळ्यांपासनं जरा लांब, एक माणूस पांढरा शर्ट घालून ताठ बसल्याला. शर्टाला घडीच्या रेघा, म्हंजे पेटीतनं काढल्याला. लूमवर शेजारच्या माणसाला सांगून, अर्धी पाळी सोडून आलता. जन्मात पहिली मॅच बघायला. त्यांना काय ठाऊक बाकडं म्हंजे काय असतं? सोमेशनं घरी कधी सांगितलंच न्हवतं. घरी सांगितल्यालं काय, तर "टीममदी हाय."

सोमेश म्हणला, "आज सर उतरवतील बे. आज सकाळी बोलले. शेवटी शेवटी तुला घालतो म्हणले."

मला म्हणले न्हवते. मला सकाळी सर फक्त एवढंच म्हणले, "बाटल्या भरून ठेव."

मॅच सुरू झाली. आमी पहिल्या हाफला एक गोल मारला. मग ते जे आमच्या अंगावर आले हो, बॉल आमच्या गोलपाशीच! दिग्विजय घामानं निथळलेला, आमचा गोलकीपर तर उघड उघड देवाचं नाव घेत हुता. घड्याळात सहा-सात मिनिटं ऱ्हायली, एक-शून्य, आणि बाटल्या संपल्या. पाळी माझी. ध्यानात ठेवा, पाळी माझी हुती! मी उठाय लागलो, तर सोमेश म्हणला, "तू बस, मी आणतो. मला बसवंना झालंय." आणि चार बाटल्या घेऊन नळाकडं गेला. नळ कुटं, तर जिमखान्याच्या मागं.

तो वळला, दिसेनासा झाला, आणि सर उभे ऱ्हायले.

"सोमेश! ऊठ, चल! ...सोमेश कुठाय?"

आता तुमी मला सांगा, ह्याला उत्तर किती सोपं हाय? "सर, पाण्याला गेलाय, आत्ता येतो." झालं! अर्ध्या मिनिटाचं काम. मी उठून नुसती हाक मारली असती तरी आला असता. भारतदादा शेजारी बसल्याला, त्यानं तोंड उघडलं बी हुतं. आणि माझ्या तोंडातनं... कोण बोललं कुणाला ठाऊक, आवाज माझाच हुता... माझ्या तोंडातनं निघालं, "सर, त्याचा पाय दुखतोय."

सरांनी माझ्याकडं बघितलं. खांद्यावर हात न्हाय, वेग न्हाय, काय न्हाय. दोनच शब्द. "तू जा."

भारतदादानं तोंड मिटलं. आणि नाडी बांधायला वाकला.

आता पुढचं ऐका. दिग्विजयच्या पायात गोळे आलते, त्याला बाहेर काढून मला आत घालायचं हुतं. पण सरांच्या डोक्यात काय हुतं? सरांना फक्त वेळ घालवायचा हुता! एक-शून्यनं पुढं हाय, माणूस बदलायचा, बाहेर येणाऱ्यानं मैदानाच्या पार त्या टोकाकडनं लंगडत लंगडत यायचं, अर्धं मिनिट खायचं. दिग्विजयला ते ठाऊक. तो असा चालत येतोय, असा चालत येतोय, जसा काय वरातीत नवरा! आणि मी? मी रेघेवर उभा ऱ्हाऊन बोंबलतोय, "पळ की दादा! लवकर ये की! पळ!" अहो, सर मागनं दातओठ खात्यात, "गप बस, गाढवा!" आणि मला वाटतंय आपल्याला जोर देत्यात! शेवटी मी काय केलं असंल? मी आत घुसलो आणि दिग्विजयला हाताला धरून ओढत बाहेर आणला! रेफरी हसला. समोरच्या टीमचा कोच उठून टाळ्या वाजवाय लागला, त्याचं अर्धं मिनिट वाचलं की!

आत गेलो आणि वळून बघितलं. सोमेश बाटल्या घेऊन आलता. रेघेपाशी उभा. मला बघितलं. त्याच्या तोंडावर काय आलं आणि काय गेलं ते मला नीट दिसलं न्हाय, खोटं कशाला बोलू, आता आणखी किती खोटं बोलू. पण दुसऱ्याच क्षणाला त्यानं बाटल्या खाली ठेवल्या आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "चल अज्या! उजवीकडं जागा हाय! मार!"

जागा बी खरंच उजवीकडं हुती.

दोनदा बॉल आला माझ्याकडं. पहिल्यांदा आला तवा माझ्या पायाला लागून रेघेबाहेर गेला, त्यांना थ्रो मिळाला. दुसऱ्यांदा आला तवा मी आमच्याच गोलच्या कोपऱ्यात. सगळे ओरडत्यात, "बाहेर मार! बाहेर मार!" बाहेर मारला असता तर काय हुतं? काय न्हाय, मॅच जिंकली असती. पण मला टोपीवाले दिसले. वही दिसली. मला वाटलं, आता सोमेशसारखं करायचं. एकाला खाली बसवायचं. आणि मी पाय असा फिरवला... आणि बॉल गेला त्यांच्या पोराच्या पायात, त्यानं तिथनंच मारला, एक-एक. मग पेनल्टी. मला कुणी पेनल्टीच्या आसपास फिरकू दिलं न्हाय. हरलो.

टेम्पोत बसलो. दिग्विजय खिडकीतनं बाहेर बघत बसला, त्याचं शेवटचं वर्ष हुतं ना. सोमेश बापाबरोबर परस्पर घरी गेला. मी वाट बघत हुतो, सर आता मला मारतील, निदान शिव्या देतील. देवाशप्पथ, मारलं असतं तर बरं झालं असतं. तर सर उतरताना माझ्याजवळ आले, थकलेलं तोंड, सवयीनं हात खांद्यावर ठेवला आणि म्हणले, "जाऊ दे. पुढच्या वर्षी तुझंच आहे."

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या वाक्याची भीती वाटली.

परीक्षा झाली, सुट्टी झाली, जूनमदी मी आलो. सोमेश आला न्हाय. म्हणलं, येईल उशिरा. जुलै गेला. प्रॅक्टिस सुरू झाली. फोन लावला तर मागं खडाखट खडाखट आवाज आणि त्यात सोमेश, "कारखान्यात हाय बे, नंतर बोलतो." नंतर काय कधी झालं न्हाय.

आणि गंमत बघा, सरांचं खरं झालं! दुसऱ्या वर्षी माझंच झालं! उजवी बाजू मोकळी, वाटा घ्यायला कोणी न्हाय, मी सगळ्या मॅच पूर्णच्या पूर्ण खेळलो. गोल बी केले तीन. गावाकडं पेपरात नाव आलं, वडलांनी ते कात्रण खिशात घालून मेंढरामागं आठ दिवस हिंडवलं, पार चुरा झाला. आई फोनवर म्हणली, "आता बसत न्हाईस न्हवं?" म्हणलं, "न्हाय." पण दर मॅचला उजवीकडनं पळताना कानात कोणतरी बोलायचं, "आता मधी जागा पडल..." आणि मी मुद्दाम डावीकडं बघायचो.

यंदा तिसरं वर्ष लागलं, तवा न राहवून सरांच्या केबिनला गेलो. म्हणलं, सांगून टाकू सगळं, सर तरी जाऊन त्याला परत आणतील. म्हणलं, "सर, त्या फायनलला मी खोटं बोललो. सोमेशचा पाय दुखत न्हवता."

सरांनी चष्मा काढला. "कोण सोमेश?"

"सर, सतरा नंबर."

"तो उंच?"

"न्हाय सर, बुटका. दिग्विजयदादाला खाली बसवल्याला."

"असेल, असेल," सर म्हणले. "अरे, किती येतात, किती जातात. आणि तू एवढं काय मनाला लावून घेतोस? मला तिथं कुणी तरी एक घालायचा होता." मग खिडकीतनं बाहेर बघितलं, बाहेर पहिल्या वर्षाची नवीन पोरं पळत हुती. सर उठून दाराशी गेले आणि एका बारक्या पोराला म्हणले... काय म्हणले ते तुमाला सांगायला नको.

मग मी सायकल घेतली हॉस्टेलातल्या एकाची, आणि गेलो एमआयडीसीत.

कारखाना सापडला. आत गेलो तर तुमाला सांगतो, पंचवीस-तीस लूम एकदम चालू, खडाखट खडाखट, हवेत सुताची भुकटी, माणसाच्या भुवया पांढऱ्या! आणि चार लूमच्या मधे सोमेश. ह्या लूमवरनं त्या लूमवर, बाजूला सरक, वाक, धागा जोड, वळ... तेच पाय हो! तीच चाल! बोळात शिकला आणि बोळातच परत गेला.

मी जवळ जाऊन ओरडलो, "सोमेश! मला काय तरी सांगायचंय!"

"काय?"

"सांगायचंय!"

"कुणाला?"

"तुला!"

"कुणी?"

मी सगळी छाती भरून घेतली आणि जेवढा आवाज हुता तेवढा काढून ओरडलो, "मी त्या दिवशी खोटं बोललो!"

आणि नेमकी तवाच लाईट गेली.

सगळे लूम एका दमात बंद. एवढी शांतता मी केमच्या माळावर बी ऐकली न्हाय. आणि माझं "खोटं बोललो" पत्र्यावर जाऊन परत आलं. सगळी माणसं बघाय लागली. कोपऱ्यात सुंदरम्मा म्हणून एक म्हातारी सुताच्या कांड्या भरत हुती, ती म्हणली, "काय बोललास रे? कुणाशी बोललास?" आणि माझी काय सुटका हो! चौदा माणसांसमोर पहिल्यापासनं सगळं सांगितलं. पाणी, नळ, पाय दुखतोय, तू जा, सगळं. सुंदरम्मा ऐकून म्हणली, "चेंडूसाठी?" मी म्हणलं, "व्हय." ती म्हणली, "अय्यो," आणि पुन्हा कांड्या नीट लावाय लागली.

सोमेश लूमकडं वळला. तुटलेला धागा हुता, तो जोडला. मग म्हणला, "मला वाटलं सरांनी तुला निवडलं."

"न्हाय रे."

"मला वाटलं, सकाळी मला बोलले, आणि शेवटी बघून बघून तुला घातलं, म्हंजे आपण त्या लायकीचे न्हाय. पळण्यात तू भारीच हाईस." हातावरची भुकटी झटकली. "बाप रस्त्यानं पुढं पुढं चालत ऱ्हायला. घरी आल्यावर शर्टाची घडी घातली, पेटीत ठेवली आणि म्हणला, बसायलाच जायचं असंल तर कारखान्यात ये. तितं उभं तरी ऱ्हाशील."

मी म्हणलं, "शिव्या दे मला."

"देतो की. घाई काय हाय?"

"सोमेश, मी फॉर्म आणलाय. परत नाव घाल. वय हाय अजून तुझं. मी सरांना सांगतो, मी उजवीकडनं हटतो..."

फॉर्म घेतला त्यानं. वाचला बी, दोन्ही बाजूंनी. मग घडी घालून माझ्याच खिशात ठेवला. "न्हाय जमायचं बे. बापाचा खांदा गेलाय, त्याचे दोन लूम बी आता माझ्याकडं हायत. दोन वर्षांपूर्वी नुसतं उतरलो असतो ना मैदानात, सहा मिनिटं, तर मी भांडलो असतो त्याच्याशी. म्हणलो असतो, तू बघितलास की मला! आता काय म्हणून भांडू?"

मी म्हणलं, "चल, मी सांगतो तुझ्या बापाला. आत्ता."

"नको."

"का?"

"दोन वर्षं झाली, तो रोज जेवताना तुमच्या सरांना शिव्या देतो. त्याची सवय झालीय. आता माणूस बदलला तर त्याला पुन्हा पहिल्यापासनं सुरू करावं लागंल." आणि हसला. खरंच हसला हो! मग लाईट आली, खडाखट सुरू झालं, आणि त्या आवाजात तो काय तरी ओरडला. मला आधी वाटलं शिवी हाय. तीनदा ओरडल्यावर कळलं. म्हणत हुता, "सुट्टीला ये! आमी खेळतो! मागच्या प्लॉटवर!"

गेलो की मी. येत्या सुट्टीलाच गेलो, बूट घेऊन, पायमोजे घेऊन. कारखान्यामागं मोकळा प्लॉट, दगडाचे गोल, आणि सगळे लूमवाले. पण अकरा आणि अकरा झालेले. सोमेश म्हणला, "थांब, बघतो." मी म्हणलं, "थांबतो की." दुसरं काय म्हणायला तोंड हुतं मला?

तर बाजूला एक सिमेंटचा पाइप पडल्याला, त्यावर सोमेशचे वडील. एक खांदा जरा खाली. लूमवर जन्म गेला त्यामुळं ऐकू कमी येतं, म्हणून स्वतः मोठ्यानं बोलत्यात. मला बघितलं आणि सरकून जागा केली, "रा, रा! ये, बस! सोमेशचा दोस्त ना तू?"

बसलो. आणि सोमेश सुरू झाला. अहो, काय खेळला! दोघांना डावीकडं पाठवलं, एकाला बसवला, बॉल बुटाला बांधल्यागत, आणि दोन दगडांच्या मधनं अलगद काढला. काका पाइपवर उभेच ऱ्हायले! उभे ऱ्हाऊन एका हातानं मांडीवर टाळी, दुसरा हात वर जाईना म्हणून. मग बसले, धाप लागल्याली, आणि मला म्हणले, आख्ख्या प्लॉटला ऐकू जाईल अशा आवाजात, "बघितलास? हे पोरगं! आणि तुमच्या कॉलेजात त्याला बसवून ठेवलं! तो सर आंधळा हुता का रे?"

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ, सगळं जिभेवर आलतं. "काका," म्हणलं, "सरांची चूक न्हवती, ती..."

"आँ?"

"सरांची चूक न्हवती!"

"सरांची चूक ना? मग! मी तेच म्हणतो!" आणि खुशीत माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "तू चांगला पोरगा हाईस. खरं बोलतोस."

आणि पिशवीतनं डबा काढला, चिंचेचा भात, आणि झाकणात घालून निम्मा माझ्या हातात दिला.

खाल्ला की. न खाऊन कुणाला सांगतो? वर त्यांनी इचारलं, आणखी वाढू का... तर व्हय म्हणलं.